संगणकाची माय

कलाशाखेच्या वार्षिकांकात मदरबोर्डावर लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने संतसाहित्य सोडून, ग्रामीण कथा सोडून हा कुठला रुक्ष विषय काढला, असेही कोणी म्हणेल. परंतु गेल्या दीड वर्षात वीतभर रुंदीच्या या फळीने आमच्या घरात जेवढे वाद लावले, तेवढे शेताच्या धुऱ्यानेही लावले नसतील. त्या वादांतून मला जे थोडे कळले ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. माझ्या वर्गमित्रांपैकी अनेकांच्या घरी दहा-बारा वर्षांचे संगणक धूळ खात पडले आहेत आणि ते ‘थोडक्यात’ नवे करून घ्यावेत असा विचार त्यांच्या मनात येत असतो. या ‘थोडक्यात’ शब्दापासूनच सावध राहावे लागते.

आमचा संगणक २०१३ सालचा. त्या वर्षी मिरचीला बरा भाव आला म्हणून बाबांनी तो ताईसाठी नागपूरहून जुळवून आणला. ताईने एमएस-सीआयटी केले, मग मराठी टंकलेखन शिकली आणि हळूहळू समोरच्या खोलीतच तिचे काम सुरू झाले. शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, शेजाऱ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, असे काहीबाही चालू असते. या अंकाच्या वाचकांपैकी एक-दोन सरांचे प्रबंधही त्याच यंत्रावर टंकित झाले आहेत. तेव्हा हा संगणक आमच्या घरी शोभेचा नाही. आई हंगामात मिरचीच्या सातऱ्यावर जाते आणि ताई संगणकावर बसते. दोघींच्या कामावर घराचा किराणा चालतो.

२०२४ च्या मे महिन्यात एके दुपारी तो बंद पडला. पंखा फिरे, दिवा लागे, पडद्यावर मात्र काही नाही. कॅबिनेट उघडून पाहिले तेव्हा प्रोसेसरजवळ उभ्या असलेल्या लहान नळकांड्यांपैकी दोन वरून फुगलेल्या दिसल्या. त्यांना कपॅसिटर म्हणतात. प्रोसेसरला जाणारी वीज समतोल ठेवण्याचे काम ते करतात. जुन्या पद्धतीच्या कपॅसिटरांत द्रव असतो. तो वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटतो, आत वायू धरतो आणि डोके फुगते. आपल्याकडचा उन्हाळा आणि पत्र्याचे छप्पर यांत यंत्राने अकरा वर्षे काढली, हेच पुष्कळ. सपाट धातूच्या डोक्याचे घन कपॅसिटर जास्त टिकतात. बोर्ड विकत घेताना डोळ्यांनी पाहून कळेल अशी ही एक गोष्ट आहे.

आता हा मदरबोर्ड म्हणजे काय? आमच्या विभागातील एका सरांनी त्याला ‘मातृफलक’ म्हणावे असे सुचवले. शब्द शुद्ध आहे. पण दुकानात मातृफलक मागितला तर दुकानदार देवळाचा रस्ता दाखवील. इंग्रजीत त्याला माय म्हटले ते मात्र योग्यच. प्रोसेसर विचार करतो, रॅम चालू काम हाताशी धरून ठेवते, डिस्क साठवण करते. परंतु यांतील कोणीही एकमेकांशी थेट बोलत नाही. सारे बोलणे या फळीवरच्या तांब्याच्या बारीक वाटांनी होते. कोणाला घरात घ्यायचे आणि कोणाला नाही, हेही तीच ठरवते.

हे नीट समजावे म्हणून आपल्या गावचेच उदाहरण घेतो. नागपूर-नागभीड ही छोटी रेल्वे आपल्या भिवापूरवरून जात असे. तिच्या दोन रुळांतले अंतर अडीच फूट. २०१९ मध्ये ती रुंदीकरणासाठी बंद झाली. मोठ्या रेल्वेच्या रुळांतले अंतर साडेपाच फूट. रूळ बदलले की जुने इंजिन चालत नाही, जुने डबे चालत नाहीत, फलाट बदलावे लागतात, पूलही बदलावे लागतात. ‘फक्त रूळ बदलू, डबे तेच ठेवू’ असे कोणी म्हटले तर आपण हसू. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण सर्रास तेच म्हणतो.

मदरबोर्डाचे रूळ दोन. पहिला प्रोसेसर बसतो ते सॉकेट. आमच्या २०१३ च्या यंत्राचे सॉकेट एलजीए ११५५, म्हणजे ११५५ टोके असलेले. ते २०११ साली आले आणि इंटेलच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर त्यात बसत. २०१३ मध्येच ११५० आले, २०१५ मध्ये ११५१, २०२० मध्ये १२००, २०२१ मध्ये १७००. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. एएमडी कंपनीने याउलट २०१६ सालचे एएम४ हे सॉकेट बरीच वर्षे चालवले आणि २०२२ मध्ये एएम५ आणले. दुसरा रूळ रॅमचा. डीडीआर-३, डीडीआर-४, डीडीआर-५ या पट्ट्या लांबून सारख्याच दिसतात, पण प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते. चुकीची पट्टी जोर लावून बसवू पाहणारा मनुष्य एक तर पट्टी मोडतो, नाही तर बोर्ड.

एवढे ज्ञान मला तेव्हा होते. आता माझी फजिती सांगतो. बाबांनी हातावर अडीच हजार ठेवले आणि मी एसटीने नागपूरला गेलो. बर्डीवर एका दुकानात एच६१ चिपसेटचा कोरा बोर्ड २३०० रुपयांना मिळाला. आमचा जुना आय-३ त्यात बसत होता, डीडीआर-३ रॅम बसत होती, कॅबिनेट तेच चालणार होते. एवढ्या जुन्या जातीचा बोर्ड नवा कसा मिळतो, असा प्रश्न पडेल. नामांकित कंपन्यांनी असे बोर्ड काढणे केव्हाच सोडले आहे. परंतु जुने प्रोसेसर लाखो घरांत पडून असल्यामुळे फारसे नाव नसलेले उत्पादक ते अजून बनवतात आणि कित्येकदा त्यांवरची मुख्य चिप जुन्या मालातून काढलेली असते. हमी म्हणाल तर दुकानदाराच्या शब्दाची.

रात्री घरी बोर्ड बसवला, पडदा उजळला, बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ताईने मात्र यंत्राची मागची बाजू पाहिली आणि हातातली एक लहान पांढरी डबी मला दाखवून म्हणाली, “अरे, हे मी कुठे लावू आता?”

ती डबी म्हणजे तिच्या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरचे कुलूप. तरुण वाचकांना हा प्रकार ठाऊक नसेल. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी अक्षरे संगणकावर उमटवण्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागे आणि त्याची नक्कल होऊ नये म्हणून सोबत असे कुलूप मिळे. ते यंत्राच्या मागे पंचवीस भोकांच्या समांतर पोर्टात लावून ठेवायचे. ते नसेल तर सॉफ्टवेअर उघडायचेच नाही. पूर्वी याच पोर्टात छपाईयंत्र जोडत. आमच्या जुन्या बोर्डावर तो पोर्ट होता. मी आणलेल्या बोर्डावर नव्हता. मी सॉकेट पाहिले, रॅमची खाच पाहिली, किंमत तर तीनदा पाहिली. बोर्डाच्या पाठीकडे ढुंकूनही पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी दोन शाळांच्या प्रश्नपत्रिका द्यायच्या होत्या. ताई पहाटेच्या गाडीने उमरेडला ओळखीच्या एका टंकलेखन केंद्रात गेली आणि तिथे बसून त्या करून आली. ती रागावली नाही, याचेच मला अधिक वाईट वाटले. त्या महिन्यात तिची तीन कामे दुसरीकडे गेली. शेवटी उमरेडच्याच एका दुरुस्तीवाल्याकडे भंगारात पडलेला, पंचवीस भोकांचा पोर्ट असलेला जुना बोर्ड ७०० रुपयांना मिळाला तेव्हा गाडी रुळावर आली. बाबा एवढेच म्हणाले, “तीन हजार गेले बापू, अन् आपण होतो तिथंच आहो.”

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. बोर्डाची खरी किंमत खोक्यावर छापलेली नसते. त्याच्यामुळे घरातले काय काय टाकून द्यावे लागेल, ते सगळे त्या किमतीत धरावे लागते. २३०० रुपयांच्या बोर्डाने माझ्या ताईचे कुलूप निरुपयोगी केले, म्हणून तो महाग. तेव्हा दुकानात जाण्याआधी घरी कागद घेऊन बसावे आणि यंत्राच्या मागे आज काय काय जोडले आहे ते एकेक लिहून काढावे, असे मी आता सर्वांना सांगतो. मॉनिटरची तार कोणती, जुनी निळ्या टोकाची व्हीजीए की एचडीएमआय? छपाईयंत्र कोणत्या तारेचे? डिस्क कोणती? पॉवर सप्लाय किती वर्षांचा? या यादीत जो बोर्ड बसतो तोच आपला. दुकानदार ही यादी विचारत नाही. त्याचाही दोष नाही. त्याच्या दुकानात गर्दी असते.

दुसरी गोष्ट अशी की, पुष्कळदा बोर्ड बदलण्याची गरजच नसते. यंत्र हळू चालते म्हणजे बोर्ड जुना झाला, असे नव्हे. त्या वर्षी हिवाळ्यात आम्ही फिरत्या डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी घातली. सुमारे दीड हजारात तेच यंत्र असे चालू लागले की आईनेसुद्धा विचारले, “नवा आणला का?” तारीख रोज मागे जात असेल तर बोर्डावरची रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी बदलावी, ती औषधाच्या दुकानातल्या चॉकलेटच्या भावात मिळते. यंत्र मधेच बंद पडत असेल तर आधी प्रोसेसरवरची धूळ झटकून थर्मल पेस्ट नवी लावावी. बोर्डावर संशय सर्वांत शेवटी घ्यावा. असो.

एसएसडीने आमचे एक वर्ष निभावले. पुढे प्रश्न आला तो विंडोज १० चा. त्याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हे जाहीर झालेलेच होते. नंतर नोंदणी करणाऱ्यांना आणखी एका वर्षाची मुदतवाढ मिळाली, हा भाग वेगळा. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आमचा तिसऱ्या पिढीचा. शेजारपाजारची माणसे ताईकडे आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक घेऊन अर्ज भरायला येतात; तेव्हा सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारे यंत्र तसेच इंटरनेटला जोडून ठेवणे तिला पटेना. लिनक्स घालून जुने यंत्र आणखी काही वर्षे चालवता येते, आणि ज्याला केवळ लिहायचे-वाचायचे आहे त्याने ते अवश्य करावे. त्यात मराठीची इनस्क्रिप्ट कळपाटीही असते. ताईच्या कामाला ते पुरले नसते. म्हणून या वेळी रूळच बदलायचे ठरले. बाबांनी बारा हजार काढले, ताईने आपल्या साठवणीतले सहा.

या खेपेस मी यादी घेऊन गेलो आणि ताईलाही सोबत नेले. दुकानदाराने प्रथम इंटेलचा संच सांगितला: एच६१० चिपसेटचा बोर्ड आणि बाराव्या पिढीचा आय-३. पैसे जास्त होतात म्हटल्यावर तो म्हणाला, “भाऊ, हाच प्रोसेसर एफ अक्षरवाला घ्या, दोन हजारांनी स्वस्त पडते.” स्वस्त का? तर एफ अक्षराच्या प्रोसेसरात चित्र काढणारा भाग नसतो. त्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. ते नसेल तर बोर्डावर एचडीएमआय आहे, व्हीजीए आहे, तार जोडलेली आहे, आणि पडदा काळा तो काळाच. बोर्डावरचे ते पोर्ट नुसते दरवाजे असतात. आतून येणारे चित्र प्रोसेसरचे. ग्राफिक्स कार्डाची किंमत धरली तर वाचलेले दोन हजार कुठल्या कुठे जातात. एएमडीच्या एएम४ प्रोसेसरांत हेच उलट रीतीने आहे. तिथे नावापुढे जी अक्षर असेल तर चित्राची सोय असते, आणि नुसत्या आकड्याच्या प्रोसेसरात बहुधा नसते.

शेवटी आम्ही ए५२० चिपसेटचा बोर्ड आणि रायझन ५ ४६००जी हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर घेतला. बोर्डाला साडेचार हजार लागले, प्रोसेसरला साडेआठ. एएम४ आता मागच्या पिढीचे सॉकेट झाले आहे, हे मला ठाऊक होते. दुकानदार म्हणालाच, “एएम५ घ्या, पुढे वाढवता येईल.” पुढे वाढवता येईल, या वाक्यावर मनुष्य फार खर्च करतो. आमच्या घरात बारा वर्षांत प्रोसेसर एकदाही बदलला नव्हता. पुढची बारा वर्षे बदलू असे मानायला काय आधार होता? शिवाय एएम५ ला डीडीआर-५ रॅम लागते आणि बोर्डही महाग. खेळ खेळणाऱ्याने, चित्रफिती जुळवणाऱ्याने पुढचा विचार जरूर करावा. प्रश्नपत्रिका टंकणाऱ्याने आजचा करावा. रॅम डीडीआर-४ ची ८ जीबी, दोन हजारांच्या आसपास मिळाली. ही खरेदी दसऱ्याच्या सुमारास झाली ते आमचे नशीब, कारण २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की मिरचीवाल्यांनी हेवा करावा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांकडे कारखान्यांचा माल वळला आणि त्याची झळ आमच्यासारख्यांपर्यंत पोचली.

स्वस्त बोर्डात नेमके काय कमी असते, हेही थोडे सांगायला हवे. रॅमच्या जागा चारऐवजी दोन असतात. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर धातूची गार ठेवणारी पट्टी बहुधा नसते. त्यामुळे दमदार, विजेचा भुकेला प्रोसेसर अशा बोर्डावर घातला तर भर उन्हाळ्यात तो आपला वेग आपणच कमी करून घेतो. पण मध्यम प्रोसेसरला तेवढा बोर्ड पुरतो. एम.२ ची खाच मात्र असावी, म्हणजे पुढे वेगवान एसएसडी लावता येते. व्हीजीए आमच्या यादीत होते, कारण मॉनिटर जुना आहे. आणखी एक खुबी अशी की, एएम४ चा जुना बोर्ड नव्या प्रोसेसरला तोवर ओळखत नाही जोवर त्याची बायोस नवी केलेली नाही. स्वस्तात मिळणारा ए३२० किंवा बी४५० चा जुना साठा घेताना हे विचारून घ्यावे. ए५२० ला ही अडचण आली नाही.

पॉवर सप्लायवर आमचे भांडण झाले. बाबांचे म्हणणे, जुना चालतो आहे तर चालू द्या. जुन्याला प्रोसेसरसाठी चार टोकांची तार होती, नव्या बोर्डाला आठ टोकांची जागा. कधी कधी चारावरही भागते. पण बारा वर्षांचा, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला पॉवर सप्लाय मरताना बोर्डालाही सोबत घेऊन जाऊ शकतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते-येते हे सांगायला नको. ताईने बाबांचे न ऐकता २३०० चा नवा घ्यायला लावला. त्याच वेळी भिंतीतल्या तीन भोकांच्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हेही तिने वायरमन बोलावून तपासले. नव्हते. ते करून घेतल्यावर कॅबिनेटला हात लागताच बसणारी झिणझिणी बंद झाली. इतकी वर्षे आम्हाला ती संगणकाची सवयच वाटत होती.

जोडणी ताईनेच केली, मी बॅटरी धरून उभा होतो. एएम४ च्या प्रोसेसरला खालून हजाराहून अधिक पिना असतात, तो अलगद सोडायचा, दाबायचा नाही. इंटेलच्या हल्लीच्या सॉकेटात पिना बोर्डात असतात आणि त्यांतली एक वाकली तरी बोर्डाची हमी जाते. कॅबिनेटच्या पत्र्यावर पितळी बुंध्यांचे स्क्रू असतात, बोर्ड त्यांवरच टेकला पाहिजे. एखादा बुंधा नको त्या जागी राहिला तर बोर्डाच्या पाठीला लागून शॉर्ट होतो. आमच्या जुन्या बोर्डासारखाच नवाही मायक्रो एटीएक्स मापाचा, म्हणून बुंधे जागच्या जागी जुळले. एटीएक्सची भोके १९९५ पासून ठरलेली आहेत. संगणकाच्या जगात तीस वर्षे न बदललेली ही एवढीच गोष्ट असावी.

राहिले कुलूप. ते ओळखणारे तिचे सॉफ्टवेअर ३२ बिटांच्या विंडोजवरचे, आणि विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्ती निघालेलीच नाही. तेव्हा नव्या यंत्रावर त्याला जागा नाही. सातशे रुपयांचा तो भंगारातला बोर्ड, जुना प्रोसेसर, जुना पॉवर सप्लाय आणि फिरती डिस्क मी एका प्लायवूडच्या तुकड्यावर बुंध्यांसह पक्की केली, वरून आईच्या जुन्या साडीचे झाकण. इंटरनेटची तार त्याला लावत नाही. बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि प्रबंध त्यावर जुन्या अक्षरांत आहेत. रात्री कामे आटोपली की ताई मॉनिटरची तार काढून त्या फळीला लावते, एकेक फाईल युनिकोडमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर घेते आणि पुन्हा तार नव्या यंत्राला जोडते. परवा विचारले तर म्हणाली, २०१७ पर्यंत आले.